पहिल्या धारेचं पाणी

मंगळवार दुपार,
बाटल्या वाळत घालून झाल्यावर

ताई,

नमस्कार. तब्येत ठीक, जेवण वेळेवर, झोप लागते. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांत डोक्याने वाचशील. यातलं झोपेचं तेवढं खरं नाही.

शिवणवाल्या मावशींकडे फोनवर निरोप ठेवला होता, तो पोचला का? तुझा फोन बंद लागतो आणि घरचा बाबा उचलतात, म्हणून मावशी. मी एवढंच सांगितलं की तुझ्या पिटूला आपल्या घरच्या नळाचं पाणी द्यायचं नाही, तिची दुधाची पावडरसुद्धा त्यात कालवायची नाही, विकतचं पाणी आणायचं. मावशी म्हणाल्या, "पोट बिघडलंय का पोरीचं? उकळून द्या म्हणावं." म्हटलं, मावशी, हे उकळून जाणारं नाही. तर म्हणाल्या, "तुला रे काय कळतं त्यातलं? तू तर होड्यांवर होतास ना?"

होड्या सुटल्या. तुला सांगायचं राहिलं. होडीवाला चांगला होता, पण मला सकाळी तोच तो समुद्र बघायचा कंटाळा आला. मग एका ट्रकवर बसून इकडे आलो. ट्रकवाल्याकडे एक पोपट होता, तो हॉर्नचा आवाज काढायचा आणि मागून येणारे लोक त्यालाच शिव्या द्यायचे. ते नंतर सांगतो.

आता मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. तपासायला नाही गं, पाणी आणायला. गावाबाहेरच्या विहिरी आणि हातपंप यांचं पाणी लहान बाटल्यांत भरायचं, चिठ्ठी चिकटवायची, बाटलीत दोन थेंब ॲसिड टाकायचं, नाहीतर पाण्यातले धातू बाटलीच्या अंगाला चिकटून बसतात. मग त्या पाण्याचा फवारा करून पेटत्या वायूत सोडतात आणि यंत्र एकेक विषारी धातू मोजतं. ज्योत खिडकीतून दिसते, पांढरी, बोटाएवढी. मी पहिल्या दिवशी तिच्याकडे इतका वेळ बघत बसलो की मॅडम म्हणाल्या, "पगार बघायचा देत नाही आम्ही."

मॅडम म्हणजे आमच्या केमिस्ट. त्यांनी मला पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा समजावली. पोहायचा मोठा तलाव घे, त्यात बोराएवढा शिशाचा गोळा पूर्ण विरघळव, आता ते पाणी पिण्याच्या मर्यादेवर आलं. यंत्र त्याच्या शंभराव्या भागाचासुद्धा वास काढतं. मी विचारलं, मग मी ती बाटली हातात घेतली तर माझासुद्धा वास काढेल? म्हणाल्या, "म्हणूनच हातमोजे देतो ना, बाळा."

हे सगळं का लिहितोय, तर खोक्यात दोन बाटल्या पाठवल्यात. लाल झाकणाची आणि निळ्या झाकणाची. लाल झाकणाची सकाळी घरात कुणीही नळ उघडायच्या आधी भरायची. स्वयंपाकघरातल्या नळाची अगदी पहिली धार. चूळसुद्धा भरायची नाही आधी. मग नळ सोडून ठेव, तू आंघोळीची तयारी करेपर्यंत वाहू दे, आणि मग निळी भर. आतून हात लावू नकोस. हातमोजे खोक्यात आहेत. परत पाठवायचा पत्ता आतल्या बाजूला चिकटवलाय.

(पहिल्या धारेचं म्हटल्यावर तुझ्या डोक्यात काय आलं ते मला माहीत आहे. इथे मीही हसलो होतो, एकटाच.)

मला कसं कळलं ते आत्ता विचारू नकोस. म्हणजे तू विचारशीलच. पण मलाच नीट कळलेलं नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित गाढवपणा माझाच असेल, आणि तसं असेल तर मी इतका खूष होईन की तुला पोपटाची पूर्ण गोष्ट सांगेन.

दोन प्रश्न आहेत. सकाळी सगळ्यात आधी नळ कोण उघडतं? आणि सिंकखालचा माझा बटाटा अजून आहे का, की बाबांनी काढून टाकला?

बाबांना काही बोलू नकोस. पिटूचा गालगुच्चा घे.

तुझा,
भिंगऱ्या


शुक्रवार, आज सुट्टी दिली आहे,
दिली म्हणजे काय ते खाली

ताई,

तुझं पत्र मिळालं. बाटल्याही मिळाल्या, एकही फुटली नाही. पत्रातल्या पहिल्या पानभर शिव्या वाचल्या, मान्य आहेत, दुसऱ्या पानापासून उत्तर देतो.

पण आधी ते बाटल्यांचं. तू बाबांच्या आधी उठायला गेलीस आणि ते तुझ्याही आधी ओट्यापाशी उभे! मला चित्रच दिसलं. तू हातमोजे घालून, हातात लाल झाकण, चोरासारखी. आणि ते म्हणाले, "बाटली अशी धरतात होय?" आणि काही न विचारता स्वतः भरून दिली. तू लिहिलंयस, "कुणी मागवलंय म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. तर बाटली खांद्यावरच्या फडक्याला पुसली आणि म्हणाले, झाकण घट्ट लाव, त्याच्याकडे सांडायला वेळ लागत नाही."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. हे रागाने म्हणाले की कसं? तू आवाज लिहायला हवा होतास गं. नुसते शब्द काय कामाचे?

बरं. मला कसं कळलं.

आम्ही विहिरी फिरतो तेव्हा एक बाटली जास्तीची असते. तिला ब्लँक म्हणतात. तिच्यात प्रयोगशाळेतलं अगदी शुद्ध पाणी, ज्यात काही म्हणजे काही नाही, ते भरायचं. तेही जागेवर जाऊन, विहिरीच्या काठावर, बाकीच्या बाटल्यांसारखंच, तेच ॲसिड टाकून. मग ती बाटली सगळ्यांबरोबर परत येते आणि सगळ्यांबरोबर यंत्रात जाते. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की ते विहिरीतलं नाही, धूळ, हात, बाटली, कुठूनतरी वाटेत आलंय. मग सगळी फेरी बाद. मला ही कल्पना फार आवडली होती. एका बाटलीला सगळीकडे फिरवायचं आणि शेवटी विचारायचं, तुला वाटेत काय काय चिकटलं.

त्या दिवशी ऊन असं होतं की सायकलचं सीट धरवत नव्हतं. माझं पिण्याचं पाणी मी एका म्हातारीच्या बकरीला पाजलं, ते जाऊ दे. आणि मग मी ब्लँकसाठी दिलेलं पाणी प्यायलो.

हो. प्यायलो. जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी, ताई, आणि चव अशी की आपण काही प्यायलो की नाही हेच कळत नाही.

पिऊन झाल्यावर लक्षात आलं की आता ब्लँक भरायला काहीच नाही. मी म्हटलं, नळाचं भरू. शहरातला नळ, गाळलेलं पाणी, काय असणार आहे त्यात? आणि शेवटच्या विहिरीकडून परतताना तो रस्ता आपल्या गल्लीच्या मागून जातो.

आता तू लिहिशील, म्हणजे आला होतास! हो. आलो होतो. मागच्या फाटकाने, परसातल्या नळापाशी. तो तुम्ही कुणी फारसा वापरत नाही ना? सोडल्यावर आधी खोकला. बाटली भरत होतो तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तू दिसली नाहीस. बाबा होते. पिटूला कडेवर घेऊन तिच्या वाटीत पावडर कालवत होते आणि तिला सांगत होते की चमचा हे विमान आहे, आणि ते विमान तिच्या कानात उतरवत होते. ती इतकी हसत होती की तिला उचकी लागली. मग त्यांनी नळ सोडून तिला घोटभर पाणी पाजलं.

मला त्यांनी कधी विमान केलं होतं का गं? मला आठवत नाही. तू मोठी आहेस, तुला आठवत असेल.

हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं. मग वाटलं, आत जाऊन सांगणार काय? होड्या सोडल्या, त्याआधी बेकरी सोडली, त्याआधी तुमच्या प्लंबरकीत, तुमचा हात अर्धवट पाइपात असताना तुम्हाला सोडून गेलो, आणि आता पाण्याच्या बाटल्या घेऊन हिंडतो? बाटलीला झाकण लावलं, ॲसिड टाकलं आणि निघालो. एवढंच.

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "विहिरी सगळ्या स्वच्छ आणि ब्लँकमध्ये शिसं. मर्यादेच्या कितीतरी वर. बारा वर्षं या खुर्चीत बसतेय, असं उलटं कधी बघितलं नाही. काय केलंस?"

ताई, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो असं वाटलं! कारण त्या दिवशी माझ्या जाकिटाच्या खिशात होडीवरचे, जाळ्याला बांधायचे शिशाचे गोळे होते. चाळा म्हणून ठेवलेत, बोटांनी खेळवत असतो. आणि परसातल्या नळापाशी मी हातमोजे घातले नव्हते. म्हणजे शिसं माझ्या बोटांचं! पण विहिरींवर हातमोजे होते, म्हणून विहिरी स्वच्छ. बसलं गणित. मग उलटं वाटलं. मी बाटलीच्या आतून कुठे हात लावला होता? झाकण तर बाहेरून फिरवलं. आणि नळ खोकला तो? आणि पिटू?

त्याच दुपारी मावशींना फोन केला. मग हे दोन बाटल्यांचं काढलं.

मॅडमना सांगितलं ते कालच. सगळं, तहानेपासून. मग म्हणाल्या, "ब्लँक प्यायलास?" म्हटलं, हो. "आणि त्यात घरचं पाणी भरलंस?" हो. यंत्रावरचे काका मागून म्हणाले, "पोरगं निदान ॲसिड तरी नाही प्यायलं." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या विहिरीवाल्या माणसांना आपण काय सांगायचं, थांबा, आमच्या माणसाला तहान लागली होती? सगळ्या विहिरी पुन्हा करायच्या, माझ्या सुट्टीत, सायकलने, आणि त्यानंतर मी बाटल्या धुवायच्या. आज ती सुट्टी. निघतोच आहे.

तुझ्या दोन्ही बाटल्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या. म्हणाल्या, "सोमवारी लावू. लेकरू किती मोठं आहे?"

आता तुझ्या उत्तरांचं. सकाळी पहिला नळ बाबा उघडतात, पिटूचं पहाटेचं दूध तेच करतात, कारण तुला तेवढी झोप मिळावी. हे मला माहीत नव्हतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आणि बटाटा आहे म्हणतेस! अगं, पिटू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्या घराच्या नळ्या काढून प्लॅस्टिकच्या टाकल्या ना? मग तेवढा तो जोड कसा राहिला? तू लिहिलंयस की मदतनिसाने करवत लावली होती तिथे, तर बाबा म्हणाले, "तो राहू दे. गळत नाही ना? मग राहू दे."

हे पत्र पोचायच्या आधी मावशींकडे फोनही करतो. तू पिटूला डॉक्टरांकडे ने, रक्त तपासायला सांग, शिशासाठी असं स्पष्ट सांग. सोमवारी कळलं की लिहितो.

भिंगऱ्या

ता.क. पोपट राहिलाच.


सोमवार संध्याकाळ

ती. बाबांस,

नमस्कार लिहितो. गुडघा कसा आहे ते विचारतो. माझं बरं चाललं आहे, म्हणजे बाटल्या धुतो.

ताईला मावशींच्या फोनवर सांगितलं होतं की तूच सांग बाबांना. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. त्यांच्या तोंडाकडे बघून मला जमणार नाही. तू समोर नाहीस, तूच सांग." तुम्हाला हे पत्र ताई देईल तेव्हा ती दारात उभी राहील. राहू द्या.

तुम्ही भरून दिलेल्या बाटल्या आज यंत्रात लागल्या. मॅडमनी मला शेजारी उभं केलं. निळ्या झाकणाच्या पाण्यात जवळजवळ काही नाही. लाल झाकणाच्या पाण्यात शिसं आहे, मर्यादेच्या सहापट. मी म्हटलं, माझ्या हाताचं असेल. मॅडम म्हणाल्या, "या बाटलीला तुझा हात कुठे लागलाय? ही तुझ्या वडिलांनी भरली आहे. आणि भरणाऱ्याने सुरेख भरली आहे, काठोकाठ, एक बुडबुडा नाही."

म्हणजे दोष बाहेरून येणाऱ्या पाण्याचा नाही. रात्रभर पाणी घरातल्या नळीत थांबतं, तिथे शिसं उतरतं, आणि सकाळी पहिल्या धारेबरोबर बाहेर येतं. पाणी वाहून गेलं की पुढचं स्वच्छ. परसातला नळ त्याच नळीवर आहे. मी त्याचं पाणी नेलं होतं, एकदा, मागच्या फाटकाने येऊन. ते ताई सांगेल. नाहीतर मी सांगेन.

तुम्ही सगळी नळी प्लॅस्टिकची केलीत. नळ्या जोडायचा शिशाचा डाख आता घरात एकाच ठिकाणी उरला आहे.

बाबा, तो मी लावला होता. मी नववीत नापास झालो त्या उन्हाळ्यात. तुम्ही माझ्या हातात गॅसचा दिवा दिलात, तारेचं भेंडोळं दिलंत आणि म्हणालात, तांब्याला ताव येऊ दे, घाई करू नको. मी घाई केली. आतबाहेर सगळीकडे शिसं ओघळलं आणि जोडाचा बटाटा झाला. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "गळणार नाही हा. दिसायला काय, तूही कुठे देखणा आहेस?" नंतर गिऱ्हाइकं घरी आली की हसायची, एवढा नावाजलेला प्लंबर आणि ओट्याखाली हे काय. तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते. मी ती नळी तुम्हाला कापायला सांगणार होतो, मग राहिलं, मग मीच गेलो.

ताईने लिहिलं, तुम्ही तेवढा एकच तुकडा ठेवलात.

आता यापुढचं लिहून मी दोनदा खोडलं आहे. पिटूचं पहाटेचं दूध तुम्ही करता. पहिली धार तीच. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून मी लिहितो आहे. तिच्या रक्तात थोडं शिसं सापडलं आहे. डॉक्टर ताईला म्हणाले की पाणी बंद केलं, ते वेळेत झालं, खाणंपिणं नीट ठेवा, पुन्हा तपासू, उतरायला हवं. उतरेल की नाही, हे मी त्यांना तीनतीनदा विचारायला लावलं. ते म्हणाले, बहुतेक. हा बहुतेक मला आवडला नाही, पण मॅडम म्हणतात, खरं बोलणारा माणूस बहुतेकच म्हणतो.

तुम्ही स्वतःला बोल लावत बसाल हे मला माहीत आहे. मला सकाळपासून एकदा वाटतं, चूक माझी, डाख माझा. एकदा वाटतं, कुणाचीच नाही, तेव्हा सगळेच तसली तार वापरायचे. आणि मग वाटतं की तुम्ही तो बटाटा का ठेवलात हे मी आधी विचारलं असतं तर. हे तिन्ही एकत्र खरं असू शकतं का? मला कळत नाही. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "बाटल्या धू."

तर काम असं आहे. तो जोड आजच कापा. हे पत्र वाचून झालं की लगेच. माझी वाट बघू नका, माझी वाट बघण्यात तुमचा आधीच पुष्कळ वेळ गेला आहे. दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त घ्या, आत ओघळ लांबवर गेला असेल. मुख्य कॉक बंद ठेवा.

पण नवा तुकडा बसवू नका. तेवढी जागा उघडी राहू द्या. रविवारपर्यंत मावशींकडून पाण्याच्या बादल्या आणा, त्या कुरकुर करतील, करू द्या. रविवारी सुट्टी आहे, या वेळी खरी. मी येतो. तुम्ही स्टूल घेऊन बसा, पिटूला मांडीवर घ्या, आणि काय चुकतंय ते वरून सांगा. आता नळी प्लॅस्टिकची आहे, ताव द्यायचा नाही, तरी मी घाई करणार नाही. बसवून झालं की रात्रभर पाणी थांबू देऊ, सकाळी पहिली धार तुम्ही भरा, ती बाटली मी घेऊन जाईन. खिशातले गोळे मी इथेच ठेवून येणार आहे.

करवत धार करून ठेवा. तुमच्या हातात असताना बोथट झालेली मी कधी बघितली नाही, तरी लिहितो.

रविवारी पुढच्या दाराने येणारा,

तुमचा
भिंगऱ्या